एल्मर के.

डलूथचं बंदर डिसेंबरात कडेने गोठायला लागतं.
इथे कुणी देव पाण्यात ठेवले
तर एप्रिलपर्यंत बाहेर काढता यायचे नाहीत,
असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हणालो.
एकटी डॉ. रूड हसली,
आणि तिने चिठ्ठ्यांचा खोका माझ्याकडे सरकवला.

पाचशे बारा छात्या, उघडून पुन्हा शिवलेल्या.
निम्म्यांसाठी प्रार्थना, निम्म्यांसाठी काही नाही.
कोण कुठल्या निम्म्यात ते यंत्र ठरवणार,
नाण्यासारखं, पण नाण्याहून प्रामाणिक.
रोग्याला माहीत नाही, सर्जनला माहीत नाही.
देवाला माहीत असावं का,
यावर नियमावलीत परिच्छेद नव्हता.

माझं काम साधं.
कावळा बसला की नोंद,
फांदी मोडली की नोंद,
आणि शेवटी सांगायचं
दोघांची ओळख होती का.

दर गुरुवारी चारला मी आउने लेहतोला फोन करायचो.
वय एक्क्याऐंशी. चर्चच्या तळघरात
कॉफीच्या किटलीशेजारी बसणाऱ्या सात फिनिश बायकांतली एक.
तिला आम्ही एवढंच कळवलेलं:
एल्मर के., हृदयाची झडप.
आडनाव नाही, गाव नाही, चेहरा नाही.
"किती मिनिटं?" मी विचारायचो.
"घड्याळ पलीकडच्या खोलीत आहे," ती म्हणायची.
"बटाटे शिजेपर्यंत."
मी वीस लिहायचो.

एकदा म्हणाली,
"ज्यांची नावं तुम्ही पाठवली नाहीत
त्यांचंही उरकून घेते मी. चालेल ना?"
मी म्हणालो, नाही चालणार,
दुसऱ्या निम्म्याला कोरडं ठेवायचंय.
ती गप्प. भांड्याचा आवाज.
"कोरडं कसं ठेवतात माणसाला?"
टोमणा नव्हता त्यात.
लोणच्याची कृती विचारावी, तसं विचारलं.

त्या दुसऱ्या निम्म्याच्याही बायका होत्या,
पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसलेल्या.
भाऊ होते, लिफ्टचं बटण दाबून धरणारे,
लिफ्ट येऊन गेली तरी.
त्यांच्या पुटपुटण्याला मी कुठला रकाना देणार?

निकाल: फरक नाही.
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जाऊन पाहिलं, तिथेही नाही.
वर्तमानपत्रात एकाने लिहिलं, देव नापास.
पाद्री म्हणाले, देवाची परीक्षा घेऊ नये.
दोघांचंही उत्तर आधीपासून पाठ.
मी आकड्यांशी बेइमानी करणार नाही:
प्रार्थनेने झडपा सुधारल्या नाहीत.
एवढं ठामपणे सांगता येतं.
याच्या पुढचं वाक्य मी अकरा वेळा लिहून खोडलं.

एल्मर के. तिसऱ्याच रात्री गेला होता.
डिसेंबर नऊ, पहाटे चार दहा. नोंद माझ्याच हातची.
पहिल्या गुरुवारच्या आधीच.
म्हणजे सगळे वीस त्याच्यानंतरचे.
गोपनीयतेच्या कागदावर माझी सही होती,
तिला सांगता येत नव्हतं.

काम संपल्याचं पत्र सगळ्यांना गेलं,
जाड कागदावर, आभारांसकट.
तिने ते फ्रीजवर चिकटवलं आणि बटाटे चढवले.
"तुमचं संपलं," ती म्हणाली,
"एल्मरचं कुठे संपलंय?"

दोन वर्षं झाली. अनुदान आटलं, खोका गोदामात गेला.
गुरुवारी चारला मी अजून फोन करतो.
कारण विचारू नका, माझ्याकडे गृहीतक नाही.
"कसा आहे तो?"
खिडकीतून दिसतं, लोहखनिजाची बोट
पुलाखालून अंग चोरून आत येते आहे.
"सांगायची परवानगी नाही," मी म्हणतो.
"बरं. तुझा आवाज बसलाय, ऑर्व्हिल.
ब्लॅककरंटचा रस गरम करून घे."
"किती मिनिटं?" मी विचारतो.
फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज येतो,
मग झाकण, मग सुरी टोचून बघण्याएवढी शांतता.
"अजून कच्चे आहेत," ती सांगते.